ब्लूजगायिका अल्बर्टा हंटर : वीस वर्षांच्या मौनाचा अर्थ

कलावंताने दुःख भोगलेले असले की त्याच्या कलेला आपोआप खोली येते, हा समज रसिकांच्या मनात फार खोलवर रुजलेला आहे. ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गानप्रकाराबाबत तर तो सिद्धान्तासारखाच मांडला जातो. ब्लूज गाणारी स्त्री म्हटली की दारिद्र्य, फसवणूक, दारू, निराशा आणि अकाली मृत्यू असा एक ठरीव पट डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि एखादे चरित्र त्या पटात बसत नसेल तर ते बसवून घेण्याची घाई चरित्रकार व रसिक दोघांनाही होते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण बेसी स्मिथचे. ‘ब्लूजची सम्राज्ञी’ म्हणून गाजलेली ही गायिका २६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेल येथे मोटार-अपघातातील जखमांमुळे मरण पावली. पुढे थोड्याच आठवड्यांत जॉन हॅमंड या प्रख्यात ध्वनिमुद्रण-निर्मात्याने ‘डाउन बीट’ या नियतकालिकात असा मजकूर लिहिला, की गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दाखल करून घेण्याचे नाकारल्यामुळे ती रक्तस्रावाने गेली असावी. मजकूर ऐकीव माहितीवर आधारलेला होता. पण तो आख्यायिका होऊन बसला. एडवर्ड ऑल्बीने त्यावर नाटक लिहिले. १९७२ साली ख्रिस अल्बर्टसन यांनी बेसीचे चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा अपघातस्थळी तिच्यावर प्रथम उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीवरून हे स्पष्ट झाले, की तिला थेट कृष्णवर्णीयांच्याच रुग्णालयात नेण्यात आले होते. त्या काळच्या दक्षिणेत दुसरा विचार कोणाच्या मनात आलाच नसता. म्हणजे अन्याय होताच, आणि तो दाराशी नाकारले जाण्याहून अधिक पक्का होता. परंतु लोकांना पाहिजे होता तो एका रात्रीचा नाट्यमय अन्याय.

बेसी स्मिथचे नाव ज्या ध्वनिमुद्रिकेने सर्वतोमुखी झाले ती ‘डाउनहार्टेड ब्लूज’ ही १९२३ सालची. हे गाणे दोन स्त्रियांनी मिळून रचलेले होते : पियानोवादक लव्ही ऑस्टिन आणि गायिका अल्बर्टा हंटर. या अल्बर्टा हंटर यांच्याविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे. कारण त्यांचे चरित्र वर सांगितलेल्या पटात कोणत्याही बाजूने बसत नाही. हालअपेष्टा त्यांच्या वाट्याला कमी आल्या नाहीत. पण त्यांना त्यांनी जे उत्तर दिले, ते दुःखाची पूजा करणाऱ्या रसिकतेला अडचणीत टाकणारे आहे.

अल्बर्टाचा जन्म १ एप्रिल १८९५ रोजी टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे झाला. वडील रेल्वेच्या पुलमन डब्यांतील हमाल. त्यांनी कुटुंब लवकरच सोडले. आई लॉरा ही एका कुंटणखान्यात मोलकरणीचे काम करून घर चालवी. ही माहिती वाचताच मनात करुणरसाची तयारी होते. मात्र अल्बर्टाने पुढे आईचा उल्लेख केला तो नेहमी अभिमानाने. स्वच्छ राहावे, कोणाचे ऋण ठेवू नये, आपला मान आपण राखावा, ही आईची शिकवण तिने आयुष्यभर सांभाळली.

शिकागोत गाणाऱ्या मुलींना आठवड्याला दहा डॉलर मिळतात, असे तिच्या कानांवर आले आणि पोरवयातच ती मेम्फिस सोडून तिकडे गेली. गाण्याचे काम लगेच मिळाले नाही. एका खाणावळीत आठवड्याला सहा डॉलर आणि राहणे-जेवण या बोलीवर ती बटाटे सोलू लागली. दिवसा बटाटे सोलावेत आणि रात्री गाण्याच्या ठिकाणांच्या मालकांपुढे जाऊन उभे राहावे, असा क्रम चालला. पहिली संधी मिळाली ती ‘डॅगो फ्रँक’ नावाच्या एका बदनाम गुत्त्यात. तेथील गिऱ्हाईक म्हणजे वेश्या, दलाल आणि जुगारी. या बायकांनी आपल्याला जपले, कपडे कसे घालावेत इथपासून शिकवले, असे ती सांगत असे. पैसे साठू लागताच तिने आईला शिकागोत बोलावून घेतले.

येथे त्या काळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिणेकडील कापसाची शेते आणि तेथील वर्णद्वेषी कायदे मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या कारखानदारीच्या शहरांकडे निघाले. ‘महास्थलांतर’ या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या या ओघाचे शिकागो हे प्रमुख ठिकाण होते. शहराच्या दक्षिण भागात त्यांची दाट वस्ती झाली, आणि मजुरीचे रोख पैसे हाती आलेल्या या नव्या शहरवासीयांसाठी नाचघरे, नाट्यगृहे व मद्यगृहे उभी राहिली. म्हणजे ब्लूजचा उगम ग्रामीण असला, तरी स्त्रियांनी रंगमंचावर गायिलेला ब्लूज हे या स्थलांतराने निर्माण केलेल्या बाजारपेठेचे अपत्य होते.

ब्लूजचा साचा तसा लहान. तालाच्या बारा आवर्तनांत तीन ओळी; पहिली ओळ दुसऱ्यांदा म्हणायची आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचे. मराठी वाचकाला येथे जात्यावरच्या ओवीची आठवण होणे स्वाभाविक आहे. दोन्हींत थोड्या शब्दांत संसाराचे मोठे माप भरलेले असते. तथापि हे साम्य फार ताणू नये. ओवी घराच्या भिंतींआड, कष्टांच्या सोबतीने म्हटली गेली. तिला श्रोता नव्हता आणि बिदागीही नव्हती. अल्बर्टा हंटर यांच्या पिढीचा ब्लूज हा मोबदला घेऊन गायिलेला, वाद्यवृंदाच्या साथीने रंगवलेला, स्पर्धेत टिकणारा व्यवसाय होता. गाणारी बाई रडत नसे. ती रडण्याचा विषय हातात घेऊन, त्याला वळसे देऊन, मधूनच डोळा मिचकावून तो श्रोत्यांसमोर मांडत असे. हे कौशल्य होते. ते दुःखातून आपोआप उगवत नाही, शिकावे लागते.

अल्बर्टाबाई ते शिकल्या. एकेक पायरी चढत त्या शिकागोच्या ‘ड्रीमलँड’ या प्रतिष्ठित नाचघरात पोचल्या, आणि तेथे किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदासह गाऊ लागल्या. याच वृंदात १९२२ साली न्यू ऑर्लीन्सहून लुई आर्मस्ट्राँग हा तरुण येऊन दाखल झाला. १९२० साली मेमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’ने ध्वनिमुद्रिका कंपन्यांना दाखवून दिले होते, की कृष्णवर्णीय लोकही तबकड्या विकत घेतात. ‘रेस रेकॉर्ड्स’ नावाचा स्वतंत्र धंदा त्यातून उभा राहिला. अल्बर्टाबाईंनी १९२१ मध्ये ‘ब्लॅक स्वान’ या कृष्णवर्णीय मालकीच्या कंपनीसाठी आणि १९२२ पासून ‘पॅरामाउंट’साठी गाणी ध्वनिमुद्रित केली. कंपनीच्या करारातून वाट काढण्यासाठी त्या इतर नावांनीही गायिल्या. आर्मस्ट्राँगच्या साथीतली १९२४ ची त्यांची काही गाणी ‘जोसेफीन बीटी’ या नावावर नोंदलेली आहेत.

‘डाउनहार्टेड ब्लूज’ याच काळातले. सहरचनाकार लव्ही ऑस्टिन या एक विलक्षण बाई होत्या. पुढे स्वतः थोर पियानोवादक झालेल्या मेरी लू विल्यम्स यांनी लहानपणी त्यांना एका नाट्यगृहात पाहिले होते. पायावर पाय टाकून बसलेल्या, ओठांत सिगारेट, डाव्या हाताने पियानो चालू आणि उजव्या हाताने पुढच्या प्रवेशाचे स्वरलेखन. मधूनमधून मानेने वृंदाला इशारे. हे दृश्य पाहून आपणही असेच व्हायचे, असे त्या मुलीने ठरवले. अशा दोन कसबी स्त्रियांनी केलेले हे गाणे. अल्बर्टाबाईंनी ते १९२२ मध्ये पॅरामाउंटसाठी गायिले आणि १९२३ च्या फेब्रुवारीत बेसी स्मिथने कोलंबिया कंपनीसाठी. बेसीची ती पहिलीच प्रसिद्ध झालेली तबकडी. तिच्या लाखो प्रती खपल्या आणि अडचणीत सापडलेल्या कोलंबिया कंपनीला तिने हात दिला. २००२ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहाची पहिली पन्नासांची यादी केली, तीतही या तबकडीचा समावेश झाला.

या सर्व व्यवहारात गीतकर्तीच्या हाती काय आले? चरित्रातून पुढे आलेली हकीकत अशी, की पॅरामाउंटच्या बाजूने व्यवहार पाहणाऱ्या मध्यस्थाने गाण्याचे हक्क परस्पर कोलंबियाला दिले आणि अल्बर्टाबाईंना अवघे ३६८ डॉलर मिळाले. हे कळल्यावर त्यांनी त्याच्यासाठी गाणे बंद केले. या हकिकतीत लक्षणीय आहे ते एवढेच की त्या हळहळत बसल्या नाहीत. हिशेब कळला, संबंध तोडला, पुढचे काम शोधले. ज्या बेसीच्या आवाजाने आपले गाणे गाजले तिची थोरवी मात्र त्यांनी नेहमी मोकळेपणाने मान्य केली.

खाजगी आयुष्यातही हाच करारी स्वभाव दिसतो. १९१९ साली त्यांनी विलर्ड टाउनसेंड या तरुणाशी लग्न केले आणि थोड्याच काळात दोघे वेगळे झाले. (हे टाउनसेंड पुढे रेल्वेस्थानकांवरील हमालांचे मोठे कामगार-नेते झाले.) अल्बर्टाबाईंचा दीर्घकाळचा स्नेहबंध होता तो लॉटी टायलर या स्त्रीशी. प्रख्यात नट बर्ट विल्यम्स यांची ती पुतणी. हे नाते त्यांनी कधी उघडपणे बोलून दाखवले नाही. कृष्णवर्णीय, स्त्री आणि त्यात गाणारी, अशा व्यक्तीला त्या काळात आणखी किती आघाड्या उघडता आल्या असत्या, हा प्रश्न आजच्या वाचकाने स्वतःला विचारून पाहावा.

१९२७ साली त्या युरोपात गेल्या. तेथे वर्णद्वेष नव्हता असे नाही, परंतु पुढच्या दाराने आत जाता येत होते. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात १९२८ मध्ये ‘शो बोट’ या संगीतिकेत पॉल रोबसन यांच्यासह त्यांनी क्वीनीची भूमिका केली. १९३४ मध्ये त्या लंडनच्याच डॉर्चेस्टर हॉटेलात जॅक जॅक्सन यांच्या वाद्यवृंदासह गात होत्या. त्या पिढीतील अनेक कृष्णवर्णीय कलावंतांनी असाच समुद्र ओलांडला. शिकागोत नाव कमावलेला टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक तर १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता, आणि त्याच्यासारख्यांच्या सहवासात गोव्याचे वादक जॅझ शिकत होते. हा सगळा पांगापांगीचा इतिहास मायदेशातल्या बंद दारांमुळे घडला, हे विसरता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात अल्बर्टाबाई सैनिकांच्या मनोरंजनासाठी कलापथक घेऊन चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर गेल्या, आणि पुढे कोरियातही गायिल्या.

१९५० च्या दशकाच्या मध्यास चित्र पालटले. ब्लूजच्या या जुन्या रंगमंचीय शैलीला गिऱ्हाईक उरले नव्हते. त्यातच आई गेली. मेम्फिसच्या कुंटणखान्यात लोकांची घरे झाडून जिने मुलीला ताठ कण्याने जगायला शिकवले, ती आई. दुःखातून गाणे जन्मते हा सिद्धान्त खरा असता तर अल्बर्टाबाईंच्या गाण्याला बहर येण्याची हीच वेळ होती. प्रत्यक्षात त्यांनी गाणे थांबवले आणि परिचारिका होण्याचे ठरवले.

वय साठीच्या घरात. शालेय शिक्षणाचा दाखला नाही. परिचारिकेच्या प्रशिक्षणाला कोण घेणार? तेव्हा त्यांनी आपले वय बारा वर्षांनी कमी केले, शिक्षणाची अटही कागदोपत्री पुरी करून टाकली, प्रशिक्षण नीट पार पाडले आणि न्यूयॉर्कमधील गोल्डवॉटर मेमोरियल या सार्वजनिक रुग्णालयात त्या नोकरीला लागल्या. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचे हे रुग्णालय. तेथे त्यांनी वीस वर्षे काम केले. आपली ही सहकारी कधी काळी लुई आर्मस्ट्राँगच्या साथीत गायिली आहे, लंडनच्या रंगभूमीवर उभी राहिली आहे, याची तेथील लोकांना दाद नव्हती. आणि त्यांनी ती लागू दिली नाही.

या वीस वर्षांचे वर्णन बहुतेक ठिकाणी ‘अज्ञातवास’ किंवा ‘विस्मृती’ अशा शब्दांनी केलेले आढळते. आम्हांस हे शब्द अपुरे वाटतात. विस्मृतीत ढकलला गेलेला माणूस बोलावणे येण्याची वाट पाहत असतो. येथे तसे काही नव्हते. १९६१ साली वर उल्लेखिलेल्या ख्रिस अल्बर्टसन यांनी त्यांना शोधून काढले आणि ध्वनिमुद्रणासाठी गळ घातली. तेव्हा त्या गायिल्या : न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टोरिया स्पायव्ही आणि ल्यूसिल हेगमिन या जुन्या मैत्रिणींसह, आणि शिकागोत पुन्हा एकदा लव्ही ऑस्टिन यांच्या साथीने. युद्धकाळात एका कारखान्यात नोकरी केलेल्या ऑस्टिनबाई तोवर एका नृत्यशाळेत पियानो वाजवून उदरनिर्वाह करीत होत्या. चाळीस वर्षांनी दोघी एकत्र आल्या, तबकडी झाली, आणि अल्बर्टाबाई आपल्या रुग्णांकडे परत गेल्या. म्हणजे दार उघडे होते. त्यांना बाहेर पडायचे नव्हते.

कलावंताने कला सोडून दुसरे काम केले म्हणजे त्याचे आयुष्य वाया गेले असे मानण्यात, त्या दुसऱ्या कामाचा अपमान आहे. रुग्णाचे अंथरूण बदलणे, त्याला भरवणे, त्याच्या वेदनेशेजारी उभे राहणे ही कामे नाचघरातल्या गाण्याहून हलकी आहेत, हे कोणी ठरवले? ज्या मुलीने बटाटे सोलीत गाण्याची वाट पाहिली, तिच्या लेखी श्रमांत उच्चनीच नव्हते. आईनंतर कोणाची तरी शुश्रूषा करीत राहण्याची गरज त्यांना भासली असेल, आणि महिन्याच्या महिन्याला वेतन व अखेरीस निवृत्तिवेतन देणाऱ्या नोकरीचे मोलही त्या जाणून असतील. दोन्ही कारणे तितकीच मानवी आहेत.

१९७७ साली रुग्णालयाने त्यांना सक्तीने निवृत्त केले. कागदोपत्री त्यांची सत्तरी झाली होती. खरे वय होते ब्याऐंशी. नोकरी सुटल्याचे त्यांना वाईट वाटले. त्याच वर्षी एका मेजवानीत त्यांची जुन्या संगीतमित्रांशी गाठ पडली आणि बातमी बार्नी जोसेफसन यांच्यापर्यंत गेली. हे जोसेफसन म्हणजे १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये ‘कॅफे सोसायटी’ काढून काळ्या-गोऱ्या श्रोत्यांना एकत्र बसवणारे गृहस्थ. तेव्हा ते ग्रिनिच व्हिलेजमध्ये ‘द कुकरी’ हे उपाहारगृह चालवीत. त्यांनी अल्बर्टाबाईंना थोड्या दिवसांसाठी गायला बोलावले आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये सुरू झालेला तो कार्यक्रम वर्षानुवर्षे चालला.

कानांत मोठाली कुंडले घातलेल्या या वृद्ध बाईंचे गाणे ऐकायला रांगा लागल्या. आवाज जाडसर झाला होता, पण शब्दाची फेक, विनोदाची वेळ आणि लय यांवरची हुकमत तशीच होती. वात्रट गाणी त्या ज्या सहजतेने गात, ती पाहून म्हाताऱ्या स्त्रीने सोज्वळच असावे ही अपेक्षा कोलमडून पडे. १९७८ मध्ये ‘रिमेंबर माय नेम’ या चित्रपटासाठी त्यांनी गाणी केली व गायिली. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कारकिर्दीत व्हाइट हाउसचे बोलावणे आले, तेव्हा तो आपला सुटीचा दिवस असल्याचे सांगून त्यांनी प्रथम नकार दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे त्या तेथे गायिल्या. ही गोष्ट गमतीची म्हणून सांगितली जाते. आम्हांला तीत वीस वर्षे पाळीने काम केलेल्या नोकरदार स्त्रीचा करडा हिशेब ऐकू येतो. राष्ट्राध्यक्ष झाले तरी सुटी ती सुटी.

१९८० साली ‘ॲमट्रॅक ब्लूज’ ही त्यांची तबकडी कोलंबिया कंपनीने काढली. निर्माते होते जॉन हॅमंड. बेसी स्मिथची शेवटची ध्वनिमुद्रणे १९३३ साली करवून घेणारे आणि तिच्या मृत्यूची ती आख्यायिका जगापुढे ठेवणारे हेच ते हॅमंड. एकीच्या वाट्याला मृत्यूची दंतकथा आली आणि फिलाडेल्फियाजवळ १९७० पर्यंत नावाचा दगडही नसलेली कबर. तो दगड अखेर जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या एका बाईंनी मिळून बसवला. दुसरी मात्र म्हातारपणी त्याच कोलंबियाच्या ध्वनिमुद्रणगृहात उभी राहिली आणि आपले पूर्वीचे गाणे पुन्हा आपल्या मालकीचे करून गेली. अल्बर्टा हंटर १७ ऑक्टोबर १९८४ रोजी एकोणनव्वदाव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये निवर्तल्या. २०११ मध्ये ‘ब्लूज हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांची नोंद झाली.

त्यांचे हे पुनरागमन म्हणजे चमत्कार, असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. चमत्कार म्हटले की आधीची वीस वर्षे अंधारात जातात आणि उजेड फक्त रंगमंचावर पडतो. वास्तविक ब्याऐंशीव्या वर्षी जी बाई ‘द कुकरी’त उभी राहिली, तिच्या गाण्यात मेम्फिस, शिकागो आणि लंडन यांच्याबरोबरच गोल्डवॉटरचे कक्षही होते. बेसी स्मिथची थोरवी यामुळे उणी होत नाही. पण तिच्या चरित्रातील आपत्तींची आपण जितकी पारायणे करतो, तितकी तिच्या कसबाची करीत नाही, हेही खरे. कष्टांवर मात करणे म्हणजे दुःखाला प्रेक्षणीय करणे नव्हे, एवढे तरी अल्बर्टाबाईंच्या चरित्रावरून समजावे. आपला हिशेब आपल्या हाती ठेवणे, गायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा हे स्वतः ठरवणे, असाही त्या शब्दांचा एक अर्थ होतो.

गोल्डवॉटर रुग्णालय २०१३ मध्ये बंद झाले. पुढे त्याच्या इमारती पाडण्यात आल्या आणि त्या जागी २०१७ पासून कॉर्नेल विद्यापीठाचे तंत्रशिक्षण संकुल उभे आहे. अल्बर्टा हंटर यांच्या तबकड्या आज सहज ऐकायला मिळतात. त्या कक्षांतून त्यांनी वीस वर्षे जे केले, त्याचे मात्र ध्वनिमुद्रण नाही. त्यांच्या चरित्राचा तो भाग वाचकाला कल्पनेनेच ऐकावा लागतो, आणि तो ऐकल्याशिवाय उरलेले गाणे पुरते कळत नाही.